रक्ताचें नातें आणि राज्याचा विश्वास

राज्य म्हटलें कीं गुपित आलें, आणि गुपित म्हटलें कीं तें ज्याच्या हवालीं करावयाचें त्या माणसाची पारख आली. ही पारख कशी करावी हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. कौटिल्यानें अमात्यांच्या परीक्षेसाठीं धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार उपधा सांगितल्या. श्रद्धा, लोभ, वासना आणि भीति या चार वाटांनीं माणूस फितूं शकतो, असें त्या चतुर पुरुषाचें निदान होतें. या चार उपधांत आप्तसंबंधास निराळें स्थान नाहीं. परंतु थोडा विचार केला तर असें आढळून येईल कीं आप्त हा या चारही वाटांवर उभा असतो. त्याच्यासाठीं माणूस धर्म म्हणून कष्ट सोसतो, त्याच्यासाठीं द्रव्य मिळवितो, त्याच्यावर प्रेम करतो, आणि त्याच्या जिवास धोका आहे असें कळलें म्हणजे स्वतःच्या जिवासाठीं भिणार नाहीं इतका भितो.

रामायणांतील बिभीषणाचा प्रसंग या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. रावणाचा सख्खा भाऊ रामाच्या छावणीशीं येऊन आश्रय मागतो, आणि वानरवीरांची तेथल्या तेथें सभा भरते. सुग्रीवाचा आक्षेप दुहेरी आहे. हा शत्रूचा भाऊ, म्हणून विश्वासास अपात्र. आणि संकटकाळीं सख्ख्या भावास सोडून आला, म्हणूनही विश्वासास अपात्र. नातें राखलें तरी दोष आणि तोडलें तरी दोष! हनुमानानें मात्र कुळाकडे न पाहतां माणसाकडे पाहिलें. त्याची मुद्रा, त्याचें बोलणें, त्याच्या येण्याचें कारण यांवरून निर्णय करावा असें त्यानें सुचविलें. परकीय आप्तांच्या प्रश्नावर पुढें हजारों पानें लिहिलीं गेलीं, पण त्या सर्वांचें बीज या एका सभेंत आहे असें आम्हांस वाटतें.

अर्वाचीन काळीं या प्रश्नाचा सर्वांत विस्तृत लेखी इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सांपडतो. हें राष्ट्रच मुळीं बाहेरून आलेल्या लोकांनीं वाढविलेलें. तेथील बहुतेक घराण्यांचे धागे कांहीं पिढ्या मागें गेलें कीं समुद्रापलीकडे पोंचतात. अशा राष्ट्रानें 'तुमचे आप्त परदेशांत आहेत काय?' असें विचारणें म्हणजे आरशांत पाहून परक्याची चौकशी करण्यासारखें आहे. तरीही तो प्रश्न विचारला जातो, आणि तो अगदींच निरर्थक आहे असेंही म्हणतां येत नाहीं. सरकारी वा लष्करी गुपितें हाताळणाऱ्यास तेथें विश्वासपात्रतेचा दाखला मिळवावा लागतो; इंग्रजींत यासच सिक्युरिटी क्लिअरन्स असें म्हणतात. हा दाखला देतांना परदेशस्थ आप्तांचा विचार कसा होत आला, त्यांत न्याय किती आणि भय किती, हें पाहण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

१

आरंभीं एक इंग्रजी उदाहरण घेणें सोईचें होईल. कारण त्यांत हा प्रश्न राजघराण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोंचलेला दिसतो. बॅटनबर्गचा प्रिन्स लुई हा १८५४ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें जन्मला, आणि १८६८ सालीं ब्रिटिश प्रजाजन होऊन ब्रिटिश आरमारांत दाखल झाला. चव्वेचाळीस वर्षांच्या चाकरीनंतर, १९१२ च्या अखेरीस, तो फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे त्या आरमाराचा सर्वांत वरिष्ठ अधिकारी झाला. १९१४ च्या जुलै महिन्यांत सरावासाठीं जमलेला ताफा विखुरूं न देण्याचा हुकूम त्यानेंच सोडला होता. त्यामुळें ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें तेव्हां इंग्लंडचें आरमार सज्ज होतें.

परंतु त्याचें नांव जर्मन, आणि त्याच्या पत्नीची एक बहीण कैसरच्या धाकट्या भावास दिलेली. हा भाऊ त्या वेळीं जर्मनीच्या बाल्टिकमधील आरमाराचा सेनापति होता. लोकांत कुजबूज सुरू झाली, वर्तमानपत्रांनीं ती उचलली, आणि ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस प्रिन्स लुईनें राजीनामा दिला. त्याच्यावर कोणताही आरोप सिद्ध झाला नव्हता. किंबहुना सिद्ध करतां येईल असा आरोप कोणीं केलाही नव्हता. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं त्याच पत्नीची दुसरी बहीण रशियाची सम्राज्ञी होती आणि रशिया हा त्या युद्धांत इंग्लंडचा दोस्त होता. परंतु दोस्ताकडील नातें कोणीं जमेस धरलें नाहीं. शत्रूकडील तेवढें खर्चीं पडलें. युद्धकाळीं लोकमताची वही अशीच एका बाजूनें लिहिली जाते.

१९१७ सालीं या घराण्यानें आपलें नांव बदलून माउंटबॅटन असें केलें. बापाच्या राजीनाम्याच्या वेळीं चौदा वर्षांचा असलेला त्याचा मुलगा १९४७ सालीं हिंदुस्थानचा शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला, आणि १९५५ सालीं बापानें सोडलेल्या त्याच आरमारी पदावर चढला. रक्त तेंच होतें. काळ तेवढा बदलला होता.

२

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें हाच प्रयोग एका व्यक्तीवर न करतां एका समाजावर केला. डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. त्यान्वयें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांस घरेंदारें सोडून कांटेरी कुंपणांच्या छावण्यांत जावें लागलें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश लोक जन्मानें अमेरिकन नागरिक होते. त्या किनाऱ्याचे सेनापति जनरल डेविट यांनीं दिलेल्या कारणांपैकीं एक तर न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हेत्वाभासाचा नमुना म्हणून दाखवावें असें आहे: आजवर या लोकांनीं कोणताही घातपात केलेला नाहीं, हीच गोष्ट पुढें ते करणार असल्याची खूण आहे! निर्दोष वर्तन हाच जेथें पुरावा होतो तेथें आरोपीस उत्तर देण्यास जागाच उरत नाहीं.

परंतु याच काळीं याच लष्कराच्या दुसऱ्या एका खात्यांत अगदीं उलट व्यवहार चालला होता. पर्ल हार्बरच्या पांच आठवडे अगोदर, १ नोव्हेंबर १९४१ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथील लष्करी तळावर विमानांच्या एका रिकाम्या कोठारांत जपानी भाषेची एक गुप्त शाळा उघडण्यांत आली होती. पहिल्या तुकडींत साठ विद्यार्थी होते. त्यांतील अठ्ठावन जपानी वंशाचे. शत्रूचीं कागदपत्रें वाचणें, कैद्यांच्या जबान्या घेणें, अडविलेले संदेश उलगडणें हीं कामें त्यांना शिकवावयाचीं होतीं. म्हणजे लष्कराचीं सर्वांत नाजूक गुपितें त्यांच्या हातीं द्यावयाचीं होतीं. पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या लोकांस हांकलण्याचें ठरल्यावर या शाळेसही तेथें राहणें अशक्य झालें, आणि १९४२ सालीं ती मिनेसोटा संस्थानांत हलवावी लागली. युद्ध संपेपर्यंत सुमारें सहा हजार विद्यार्थी तींतून बाहेर पडले.

या शाळेसाठीं माणसें शोधतांना एक मोठी गमतीची गोष्ट उघडकीस आली. सैन्यांतील सुमारें ३,७०० जपानी वंशीय शिपायांची प्रथम पाहणी केली, तेव्हां त्यांतील शेंकडा तीनच जपानी भाषेंत निष्णात निघाले. ज्यांना जन्मजात जपानी समजून संशयित ठरविलें होतें ते इतके अमेरिकन होऊन गेले होते कीं त्यांना बापाची भाषा धड येत नव्हती! जे खरे उपयोगी होते ते किबेई म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे अमेरिकेंत जन्मून जपानांत शिकून परत आलेले. आणि सरकारी संशयाच्या यादींत सर्वांत वर नांव होतें तें याच वर्गाचें. आमच्या मतें या साऱ्या इतिहासाचें मर्म येथें आहे. परक्या देशाशीं असलेला जो जिव्हाळ्याचा संबंध माणसास संशयास्पद करतो, तोच त्याला राष्ट्राच्या उपयोगी पाडतो. गुण आणि दोष हीं येथें दोन निराळीं झाडें नसून एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. एक तोडतांना दुसरीही हातची जाते.

रॉय मात्सुमोतो याचें उदाहरण पाहावें. जन्म कॅलिफोर्नियांतला, शिक्षण हिरोशिमांतलें. युद्धकाळीं आईबाप आणि भावंडें जपानांत, भाऊ जपानी सैन्यांत. तो स्वतः अमेरिकन सरकारनें छावणींत कोंडलेला, आणि त्या छावणींतूनच स्वेच्छेनें सैन्यांत दाखल झालेला. जनरल मेरिल यांच्या पथकाबरोबर तो ब्रह्मदेशांत लढावयास आला. हें पथक ३१ ऑक्टोबर १९४३ रोजीं आपल्या मुंबई बंदरांत उतरलें, आणि नाशिकजवळच्या देवळाली छावणींत कांहीं काळ राहून पुढें गेलें. १९४४ च्या एप्रिल महिन्यांत उत्तर ब्रह्मदेशांतील एका टेकडीवर हें पथक वेढलें गेलें असतां मात्सुमोतो रात्रीं सरपटत शत्रूच्या मोर्चापर्यंत गेला, आणि तेथील शिपायांच्या बोलण्यावरून पहांटेच्या हल्ल्याचा बेत ऐकून परत आला. त्या माहितीवर त्याच्या तुकडीचे प्राण वांचले. आप्तांच्या यादीवरून दाखला द्यावयाचा असता तर या माणसास एक पोस्टकार्डही हाताळूं देतां आलें नसतें.

पुढें १९८८ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें या स्थलांतराबद्दल माफी मागून हयात असलेल्या प्रत्येक पीडितास वीस हजार डॉलर देऊं केले, आणि २०१० सालीं या भाषाज्ञ शिपायांच्या गौरवार्थ सुवर्णपदकाचा कायदा केला. माफी आली ती शेहेचाळीस वर्षांनीं.

३

युद्धानंतर शत्रु बदलला. जपान-जर्मनीच्या जागीं साम्यवादी रशिया आणि मागाहून चीन आला. १९४७ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीं सरकारी नोकरांच्या राष्ट्रनिष्ठेची चौकशी सुरू केली. २७ एप्रिल १९५३ रोजीं राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं १०४५० क्रमांकाचा हुकूम काढून ती कसोटी बदलली. हा बदल शब्दांचा दिसला तरी तत्त्वाचा होता. पूर्वीं प्रश्न होता तो 'हा मनुष्य निष्ठावान आहे काय?' असा, आतां प्रश्न झाला तो 'याला ठेवणें राष्ट्राच्या सुरक्षिततेशीं निःसंशय सुसंगत आहे काय?' असा. निष्ठेविषयीं तिळमात्र शंका नसली, तरी ज्याच्यावर दडपण आणतां येईल असा मनुष्य अपात्र ठरूं शकतो हें तत्त्व या हुकुमांत स्पष्ट झालें. एका अर्थीं ही प्रगति होती, कारण परदेशस्थ आप्त असणें हा गुन्हा न राहतां केवळ एक परिस्थिति झाली. पण दुसऱ्या अर्थीं यांत मोठा धोका होता: गुन्हा असेल तर तो नाकारतां येतो, परिस्थिति कशी नाकारावी?

त्याच वर्षीं मायलो रॅडुलोविच याचें प्रकरण घडलें. हा सव्वीस वर्षांचा तरुण अमेरिकन हवाईदलांत राखीव लेफ्टनंट असून मिशिगन विद्यापीठांत शिकत होता. त्याची स्वतःची निष्ठा वादातीत आहे असें लष्करास मान्य होतें. आक्षेप होता तो त्याच्या बापावर आणि बहिणीवर. बाप सर्बियांतून आलेला वृद्ध कामगार. तो सर्बियन वर्तमानपत्रें घेई, आणि त्यांतील एक साम्यवादी वळणाचें समजलें जाई. बहिणीचीं राजकीय मतें डावीकडे झुकलेलीं. या दोघांशीं त्याचा निकट आणि सततचा संबंध आहे, म्हणून त्याला दलांतून काढावें असें ठरलें. चौकशीच्या वेळीं पुराव्याचा एक बंद लखोटा मंडळासमोर होता. त्यांत काय आहे हें ना त्याला सांगितलें, ना त्याच्या वकिलांना.

आप्तांशीं संबंध तोडल्याचें जाहीर केलें असतें तर कदाचित् तो सुटला असता. पण त्यानें तसें करण्याचें नाकारलें. माणसाची किंमत त्याच्या आप्तांवरून होऊं लागली तर उद्यां माझ्या मुलांनाही मला नाकारण्यास सांगणार काय, अशा आशयाचा त्याचा प्रश्न होता. २० ऑक्टोबर १९५३ रोजीं एडवर्ड मरो या विख्यात वार्ताहरानें हें प्रकरण दूरचित्रवाणीवर साऱ्या देशापुढें मांडलें, आणि २४ नोव्हेंबर रोजीं हवाईदलाच्या मंत्र्यांनीं त्याला निर्दोष ठरवून कायम केलें. सुग्रीवाचा दुसरा आक्षेप येथें वाचकांस आठवेल. जो राज्याच्या एका पत्रासरशी बापास नाकारील, तो उद्यां दुसऱ्या कोणाच्या पत्रासरशी राज्यास नाकारणार नाहीं कशावरून? रॅडुलोविचनें बापास सोडलें नाहीं, हाच त्याच्या विश्वासपात्रतेचा पुरावा होता. आणि तोच त्याच्याविरुद्ध मांडला जात होता.

४

याच काळांतील दोन शास्त्रज्ञांची कथा एकमेकींशेजारीं ठेवून वाचण्यासारखी आहे. चियेन श्युएसेन हा चिनी विद्वान १९३५ सालीं अमेरिकेंत आला, आणि युद्धकाळीं तेथील अग्निबाणविद्येच्या अग्रगण्य संशोधकांत गणला गेला. १९४५ सालीं जर्मनी पडल्यावर अमेरिकेच्या वतीनें तेथें जाऊन ज्या जर्मन तज्ज्ञांची त्यानें चौकशी केली त्यांत वेर्नेर फॉन ब्राउन हाही होता. चौकशी करणारा चिनी मनुष्य अमेरिकेचा विश्वासू, आणि ज्याची चौकशी होत होती तो हिटलरचा अग्निबाण बनविणारा, नाझी पक्षाचा सभासद!

पांचच वर्षांत पारडें फिरलें. १९४९ सालीं चीनमध्यें साम्यवादी सत्ता आली, आणि १९५० सालीं चियेनचा दाखला काढून घेण्यांत आला. मूळ आक्षेप तो पूर्वीं साम्यवादी मंडळींत होता असा होता, आप्तांचा नव्हता. परंतु वृद्ध पित्यास भेटण्यासाठीं चीनला जाण्याचा बेत त्यानें केला तेव्हां संशय दुणावला, आणि सुमारें पंधरा दिवस त्याला स्थानबद्ध करण्यांत आलें. त्यानंतर पांच वर्षें तो ना विश्वासांत ना मोकळा, अशा अधांतरीं स्थितींत राहिला, आणि १९५५ च्या सप्टेंबरांत त्याला चीनला जाऊं दिलें. तेथें तो चीनच्या अग्निबाणविद्येचा जनक झाला. अमेरिकेच्या आरमारखात्याचे एक मोठे अधिकारी डॅन किंबल यांनीं पुढें, आपल्या देशानें याहून मूर्खपणाची गोष्ट कधीं केली नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढले ते उगीच नव्हेत.

इकडे फॉन ब्राउन १९४७ सालीं परवानगीनें जर्मनीस जाऊन लग्न करून आला, आणि येतांना पत्नीबरोबर आईबापांसही अमेरिकेंत घेऊन आला. ज्या आप्तांवरून कोणी दडपण आणूं शकला असता ते आप्तच कुंपणाच्या आंत आले! १९५५ च्या एप्रिलमध्यें तो अमेरिकन नागरिक झाला, आणि त्याच वर्षीं चियेननें अमेरिकेचा किनारा सोडला. एकाचा भूतकाळ गंभीर असूनही त्याच्या आप्तांची सोय झाली. दुसऱ्याची चाकरी निष्कलंक असूनही त्याचा बाप समुद्रापलीकडे राहिला. अर्थात् सर्व कारण एवढेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. जर्मनी मित्र झाली होती आणि चीन शत्रु झाला होता. परंतु यावरून हें दिसतें कीं परकीय नातें हें स्वतः स्थिर असलें तरी त्याचें मोल परराष्ट्रनीतीच्या बाजारभावाप्रमाणें चढतें-उतरतें.

५

या अनुभवांतून हळूहळू कायदा घडला. विमानविद्येंतील एका इंजिनिअराचा दाखला १९५३ सालीं काढून घेण्यांत आला होता. आक्षेपांत त्याच्या पूर्वाश्रमीच्या पत्नीचीं मतें हें एक कारण होतें, आणि तिच्याशीं त्याचा घटस्फोट १९४७ सालींच झालेला होता. ग्रीन विरुद्ध मॅकेलरॉय या त्याच्या खटल्यांत १९५९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, साक्षीदारास समोर न आणतां आणि उलटतपासणीची संधि न देतां एखाद्याची उपजीविका हिरावून घेण्याचा अधिकार सरकारास कोणींही स्पष्टपणें दिलेला नाहीं. परिणामीं फेब्रुवारी १९६० मध्यें नवा हुकूम निघून सरकारी कंत्राटांवरील नोकरांस लेखी कारणें मिळण्याचा, उत्तर देण्याचा आणि सुनावणीचा हक्क मिळाला. बंद लखोट्याचें राज्य पुरतें संपलें नाहीं, पण त्यास खिंडार पडलें. दाखला मिळणें हा मात्र कोणाचाही हक्क नव्हे, तो भविष्याविषयींचा एक अंदाज आहे आणि नकार म्हणजे चारित्र्यावरील डाग नव्हे, असें १९८८ सालीं त्याच न्यायालयानें ईगन खटल्यांत सांगितलें.

जून २०१७ पासून लागू झालेल्या नियमावलींत तेरा कसोट्या आहेत. त्यांतील पहिल्या तीन राष्ट्रनिष्ठा, परकीय प्रभाव आणि परकीय राष्ट्राकडील ओढा अशा आहेत. निष्ठा आणि प्रभाव यांना दोन निराळीं कलमें दिलीं आहेत ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बॅटनबर्गच्या काळीं या दोहोंचा जो गोंधळ झाला होता तो येथें कागदावर तरी सुटला आहे. अर्जदारानें आईबाप, भावंडें, मुलें, सासूसासरे यांचीं नांवें आणि नागरिकत्व लिहून द्यावयाचें. परदेशांतील घर, जमीन, ठेवी सांगावयाच्या. नातें आहे एवढ्यावरून नकार येत नाहीं. तें नातें कोणत्या देशांत आहे, त्या देशाचें सरकार कसें आहे, आप्त त्या सरकारच्या चाकरींत आहेत काय, आणि या सर्वांमुळें दडपणाचा धोका नेहमींपेक्षां वाढतो काय, हें पाहावयाचें. शंका उरल्यास मात्र ती राष्ट्राच्या बाजूनें सोडवावयाची.

ही शंका काल्पनिक आहे असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतून प्रसिद्ध होणाऱ्या एका नभोवाणी-संस्थेच्या उइगुर वार्ताहरांनीं शिनच्यांगमधील छळाच्या बातम्या दिल्या, तेव्हां २०१८ च्या सुमारास त्यांचे मागें राहिलेले अनेक नातेवाईक पकडले गेले. आप्तास ओलीस धरून दूरस्थ माणसाचें तोंड बंद करणारीं सरकारें जगांत आहेत. त्यामुळें प्रश्न विचारण्याचा अधिकार राज्यास आहे. वाद आहे तो उत्तर कसें तोलावें याचा.

हें तोलणें किती नाजूक आहे तें एका नियमावरून दिसेल. कुटुंबांतील निकट व्यक्तींवर माणसाचें प्रेम असतें असें तेथील न्यायाधिकारी गृहीतच धरतात. तें खोटें आहे असें दाखवावयाचें असल्यास पुरावा अर्जदारानें द्यावयाचा. संबंध वरवरचा आणि क्वचित् येणारा आहे असें सिद्ध झालें तर दोष सौम्य होतो. आतां विचार करावा. आज कितीतरी मराठी इंजिनिअर अमेरिकेंत नागरिक होऊन राहिले आहेत. त्यांचे आईबाप पुण्यास, नागपुरास किंवा कोल्हापुरास आहेत. त्यांतील कोणी अशा कामासाठीं अर्ज केला तर, तो आठवड्यांतून किती वेळां आईशीं बोलतो, बापाच्या औषधपाण्यासाठीं किती पैसे पाठवितो, वडिलार्जित घरांत त्याचा हिस्सा आहे काय, हें सारें चौकशींत येणार. आपल्याकडे जें पुत्राचें भूषण तें तेथें खुलाशाचें कलम होतें. ज्यानें आईस वर्षभर पत्र टाकलें नाहीं त्याचें काम सोपें, आणि जो रोज तिची विचारपूस करतो त्याचें अवघड!

परंतु याच नियमावलींत दुसरें एक दार आहे, आणि तें आमच्या मतें अधिक शहाणपणाचें आहे. अर्जदाराचे नव्या देशाशीं इतके खोल आणि दीर्घ संबंध जडले असतील कीं दोहोंत विरोध आल्यास तो नव्या देशाच्या बाजूनें निर्णय करील असें मानतां येईल, तर परकीय आप्त असूनही दाखला देतां येतो. पहिलें दार नात्याचा धागा पातळ करावयास सांगतें, दुसरें दार दुसरा धागा बळकट करावयास सांगतें. पहिल्यांत माणूस कमी होतो, दुसऱ्यांत वाढतो.

६

शेवटीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली अशी कीं, परकीय नात्याकडे डोळे लावून बसलेल्या राज्यास घरचा चोर दिसत नाहीं. जॉन वॉकर या अमेरिकन आरमारी नोकरानें १९६७ पासून १९८५ पर्यंत सांकेतिक लिपीचीं गुपितें रशियास विकलीं. त्यासाठीं त्यानें स्वतःच्या भावास आणि मुलासही ओढलें. येथेंही आप्तसंबंधानेंच घात केला, पण ते आप्त सारे अमेरिकनच होते, आणि मूळ कारण द्रव्यलोभ होतें. कौटिल्याची अर्थोपधा येथें अधिक उपयोगी पडली असती.

दुसरी गोष्ट अशी कीं, 'तुमचे आप्त परदेशांत आहेत काय?' हा प्रश्न स्टालिनच्या रशियांतील सरकारी अर्जांतही असे, आणि १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतींत चीनमध्यें परदेशांत आप्त असणें हाच अपराध ठरला होता. आपल्या येथेंही १९६४ च्या केंद्रीय सेवा-वर्तणूक नियमांप्रमाणें, परदेशी नागरिकाशीं लग्न करणाऱ्या सरकारी नोकरानें तें सरकारास तत्काळ कळवावयाचें असतें. म्हणजे प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. राज्याराज्यांतील फरक प्रश्नांत नसून त्यानंतर काय घडतें यांत आहे: उत्तर देणाऱ्यास कारण कळतें काय, पुरावा दिसतो काय, आपली बाजू मांडतां येते काय, आणि नकार मिळाल्यावर तो नागरिक म्हणून ताठ मानेनें घरीं जाऊं शकतो काय. जेथें हें घडतें तेथें हा प्रश्न सावधगिरीचा आहे. जेथें घडत नाहीं तेथें तो छळाचा आहे.

सारांश, राज्यानें संशय घ्यावा, कारण तें त्याचें कर्तव्य आहे. पण संशयानें निकाल देऊं नये. आणि ज्याच्याजवळ आपलें गुपित ठेवावयाचें, त्यास आईबाप विसरण्याची अट तर कधींच घालूं नये. कारण विश्वास ही वस्तु माणूस प्रथम घरींच शिकतो, आणि घरचें ऋण ज्यानें बुडविलें त्याच्याकडून राज्याचें ऋण फिटेल ही आशा कोणत्याही राजनीतीस शोभणारी नाहीं.